पेट्रोलचा कॉक कोणी बंद केला

देशात कुठंही विमान पडलं की डोणगावच्या बसस्टँडवर माझा भाव वाढतो. एरवी मी तिथला एक रिकामटेकडा माणूस. लवकर नोकरी सोडून गावी परतलेला, शेतातलं फारसं न कळणारा. पण टीव्हीवर धूर दिसला की हॉटेलवाला हाक मारून बसवतो, चार जण खुर्च्या ओढून जवळ येतात आणि चहा हातात पडायच्या आत प्रश्न येतो, "काय हो इंजिनेर, पायलटचीच चूक असीन न?"

मी चहा बशीत ओततो. फुंकर मारतो. एकेकाच्या तोंडाकडे पाहतो. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी सलग चार वर्षं नायिकेचं काम केलेलं आहे, त्यामुळे कुठं किती थांबायचं हे मला कळतं. मग सांगतो, "माहीत नाही."

सगळ्यांचा चहा बेचव होतो. त्यांना उत्तर नकोच असतं, हो म्हणणारा माणूस हवा असतो. एका माणसाचं नाव ठरलं की बाकीच्यांना घरी जाऊन जेवता येतं. मी त्यांना हसतो खरा, पण एकदा मीही तसंच एक नाव ठरवून, टाइप करून, सहीसाठी तयार ठेवलं होतं. ती हकीकत सांगायची म्हणून हा सगळा खटाटोप.

आधी धंदा काय ते सांगतो. मी विमान दुरुस्त करणारा इंजिनिअर. अर्धी नोकरी एका विमान कंपनीत विमानांच्या पोटाखाली काढली आणि उरलेली अपघातांच्या चौकशीत. पहिल्या कामात विमान पडू नये म्हणून सही करायची, दुसऱ्यात ते का पडलं ते शोधून सही करायची. माणसाला वाटतं विमान पेट्रोलवर उडतं. ते सह्यांवर उडतं. चाकाची हवा पाहिली, सही. तेल पाहिलं, सही. पायलट स्वतः विमानाभोवती एक फेरी मारतो, वाकून, डोकावून, हात लावून सगळं पाहतो आणि मग त्याची सही. देवळात प्रदक्षिणा घालतात तशी ती फेरी. फरक इतकाच, की इथं डोळे उघडे ठेवायचे असतात.

आमच्या हँगरमध्ये भिंतीवर एक मोठा फळा होता. त्यावर प्रत्येक पान्याची, पकडीची, स्क्रू-ड्रायव्हरची लाल रंगात आकृती काढलेली. काम संपलं की हत्यार आपल्या आकृतीवर जाऊन बसलं पाहिजे. एक जरी आकृती रिकामी दिसली तरी विमान जागेवरून हलत नाही, कारण हरवलेला पाना इंजिनात असू शकतो.

मी नोकरीत नवा असताना एका सकाळी त्या फळ्यावर एक आकृती रिकामी होती. लांब दांड्याचा छोटा आरसा, दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला. तो मी वापरला होता. विमानात माणसं बसून झाली होती. मी फळ्यासमोर उभा राहिलो आणि स्वतःला समजावलं, कॅन्टीनमध्ये राहिला असेल. खिसे पाहिले. पुन्हा पाहिले. वीस मिनिटं मी कोणाला काही बोललो नाही. मग डिसूझासाहेबांकडे गेलो. ते आमचे वरिष्ठ. त्यांनी तिथल्या तिथं विमान थांबवलं. माणसं उतरवली. जरीचा फेटा घातलेले एक गृहस्थ माझ्याच अंगावर ओरडत होते, की मुलीचं लग्न आहे, कोणत्या गाढवानं हत्यार हरवलं. मी त्यांना म्हणालो, "चौकशी चालू आहे."

आरसा इंजिनातच, झाकणाखाली सापडला.

दुसऱ्या दिवशी मी घरी जायच्या तयारीनं आलो होतो. डिसूझासाहेबांनी सगळ्यांना गोळा केलं, मला मधे उभं केलं आणि म्हणाले, "यानं सांगितलं. वीस मिनिटं उशिरा सांगितलं, त्या वीस मिनिटांचं त्याला आयुष्यभर वाईट वाटू द्या. पण सांगितल्याबद्दल याला कोणी बोललं तर माझ्याशी गाठ आहे."

विमानसुरक्षेची जाडजाड पुस्तकं मी नंतर वाचली. त्या सगळ्यांत हेच लिहिलेलं आहे, फक्त जास्त पानांत. दारू पिऊन उडणाऱ्याला, खोटी सही करणाऱ्याला माफी नाही. पण चांगल्या माणसाच्या हातून चूक झाली आणि त्यानं ती सांगितली, तर त्याला असं वागवा की पुढचाही सांगेल. त्याला ठेचलंत, तर पुढचा आरसा इंजिनातच उडेल.

आता सुलतानपूर.

दिवाळी नुकतीच झाली होती, शिवारात सोयाबीन निघत होतं. एका उड्डाण शाळेचं दोन माणसांचं छोटं विमान दुपारी सुलतानपूरच्या पुढं एका कापणी झालेल्या वावरात उतरलं. उतरलं म्हणायचं, पण पुढचं चाक काळ्या मातीत रुतून मोडलं आणि विमान नाकावर आपटलं. आत एकटी पायलट होती, कॅप्टन रेवा. शाळेत शिकवणारी, तिशीची, नाशिककडची. ती विमान एका धावपट्टीवरून दुसऱ्या धावपट्टीवर नेत होती. डोक्याला मार, दोन फासळ्या मोडलेल्या, पण जीव वाचला.

आमचं पथक दुसऱ्या दिवशी पोचलं. पथकाचे प्रमुख पुण्याचे, त्यांना आम्ही मोठेसाहेब म्हणायचो. मला मुद्दाम घेतलं होतं, कारण "भाषा तुमच्याकडची आहे". विमान नाक खुपसून उभं होतं. पंखाला हळदकुंकू लावलेलं, चाकाशी नारळ फोडलेला. हाताच्या अंतरावर सोयाबीनची सुडी रचलेली, म्हणजे मळणीला थांबलेली सगळी वर्षाची रास. ते वावर शालिग्राममामांचं. साठीचा काटक माणूस, बोलण्यापेक्षा ऐकणारा.

मोठेसाहेबांच्या शेजारी एक पोलीस उभा होता. त्यांनी गर्दीला विचारलं, "अपघातानंतर विमानाला कोणी हात लावला होता का?"

"नाई."

"कोणीच नाही?"

"कोनीच नाई साहेब."

"मग बाईंना बाहेर कोणी काढलं?"

"थे आमीच काढलं," एकजण म्हणाला. "पन हात नाई लावला."

मला हसू आलं, मोठेसाहेबांना आलं नाही. पोलीस दिसला की आमच्याकडे गाव एका तोंडानं बोलतं. शालिग्राममामांना विचारलं तेव्हा ते विमानाकडे न पाहता म्हणाले, "आवाज बंद झाल्ता, मंग पडाच्या आधी एकदा खोकललं ते. बस." मी वहीत लिहून घेतलं, 'खोकललं'.

तेवढ्यात आतून आमच्या फोटोग्राफरनं हाक मारली.

असल्या विमानाला दोन टाक्या असतात, एकेका पंखात एक. पायलटच्या डाव्या पायापाशी, भिंतीला पेट्रोलचा कॉक असतो. त्याचं टोक तीन खुणांवर फिरतं: डावी टाकी, उजवी टाकी, बंद. दर अर्ध्या तासानं पायलट टाकी बदलतो, म्हणजे विमान एका अंगाला जड होत नाही. घाईत टोक एक खूण पुढं गेलं तर इंजिनाचं पेट्रोल तुटतं. जगभर कित्येक पायलटांकडून हे झालेलं आहे.

इथं कॉक बंद होता. मोठेसाहेबांनी त्याचे सहा फोटो काढवले आणि चष्मा पुसला. ते चष्मा पुसायला लागले की चौकशी संपत आली असं समजायचं. असल्या लहान विमानाला ब्लॅक बॉक्स नसतो. जे सापडलं तेच बोलणार.

आम्ही कॅप्टन रेवाला संभाजीनगरच्या दवाखान्यात भेटलो. डोक्याला पट्टी, शेजारी आई मोसंबी सोलत बसलेली.

"शेवटचं काय आठवतं?" मोठेसाहेबांनी विचारलं.

"लोणारचं गोल तळं. डाव्या पंखाखाली दिसलं, हिरवंगार. ढग होते म्हणून मी खालून उडत होते." ती थांबली. "त्यानंतर एकदम कोणाचा तरी हिरवा पदर. त्याला चुलीच्या धुराचा वास होता. मधलं काही नाही."

मोठेसाहेबांनी बंद कॉकचा फोटो पुढं केला. तिनं तो खूप वेळ पाहिला. मी पुष्कळ पायलट पाहिले आहेत. यंत्राला दोष देणारे, हवेला देणारे, एकदा तर एकानं पक्ष्यांच्या थव्याला दिला होता, आणि त्या दिवशी तिथं एकही पक्षी नव्हता. ही म्हणाली, "मग मीच केलं असेल."

"तुम्हाला आठवतंय?"

"नाही. पण आत मी एकटीच होते ना?"

तिची आई आमच्याबरोबर बाहेर आली. मोसंबीची साल अजून तिच्या हातातच होती. म्हणाली, "झोपेत हिचा डावा हात फिरत असतो. काहीतरी पिळल्यासारखा. साहेब, पुढच्या महिन्यात मोठ्या कंपनीत रुजू व्हायचं होतं तिला." मोठेसाहेब चांगला माणूस. ते म्हणाले, "बघू." पण बघायचं काही उरलेलं नव्हतं. अहवालात 'वैमानिकाची चूक' एवढे दोन शब्द आले की मोठ्या कंपनीचं दार बंद, शाळेची नोकरी जाणार, आणि तो डावा हात जन्मभर फिरत राहणार.

तीन आठवड्यांनी अहवालाचा मसुदा मी टाइप केला. ते दोन शब्द माझ्याच बोटांनी उमटले. मोठेसाहेबांची सही झाली, माझी बाकी होती. मी वही चाळत बसलो आणि 'खोकललं'वर अडखळलो. पेट्रोल बंद झालेलं इंजिन मरतं, त्याला मग खोकला येत नाही. खोकला तेव्हाच येतो, जेव्हा थांबलेलं पेट्रोल पुन्हा यायला लागतं.

मी दोन दिवस मागितले. मोठेसाहेब म्हणाले, "एका शेतकऱ्याच्या एका शब्दासाठी?"

"हो."

"जा. गावाकडं जाऊन भरीत खाऊन या. परवा सही हवी."

मी पोलीस नेला नाही, फाईल नेली नाही. एसटीनं गेलो. शालिग्राममामांच्या अंगणात बाजेवर बसलो, डोणगावची सोयरीक काढली. तीन पिढ्या मागं गेल्यावर ती सापडलीच. पाच-सहा शेजारी जमले. गोदामामी, मामांची बायको, चहा घेऊन आली. तिच्या अंगावर हिरवं पातळ होतं. दुसऱ्यांदा चहा झाला तरी विमानाचा विषय निघाला की सगळे आभाळाकडे बघायचे.

तेव्हा मी नाटक केलं.

"मामी, एक खुर्ची द्या, सूप द्या अन् लाटणं द्या." खुर्चीवर बसलो, सूप समोर टेकवलं. "हा काट्यांचा, घड्याळांचा फळा. हे लाटणं म्हणजे विमानाचा कासरा. आता मी कॅप्टन बाई." पदर घेतल्यासारखं केलं. गोदामामी तोंडाला पदर लावून हसायला लागली. मी इंजिन चालू केलं, तोंडानं. विमान उडवलं, ढगाखालून नेलं, लोणारचं तळं दाखवलं. शेजाऱ्यातला एकजण म्हणाला, "काय बे, खरंच उडून राह्यला हा." अंगण रंगात आलं. मग मी इंजिन बंद पाडलं. मी तेलाच्या बरणीचं झाकण घेतलं आणि सुपाच्या वरच्या कडेला लावलं. "अन् हा समोर, डोळ्यापुढं, पेट्रोलचा कॉक. बाईनं घाईत असा हात केला..."

"समोर नाई," शालिग्राममामा म्हणाले. "खाली हाय थो. डाव्या पायाजोळ."

बकरी रवंथ करत होती, तेवढाच आवाज.

विमानाच्या बाहेर उभं राहून तो कॉक दिसत नाही. आत वाकून डोकं घालावं लागतं. मला हे माहीत होतं आणि मला हे माहीत आहे हे मामांच्या आता लक्षात आलं. शेजारी हळूच बोलला, "शाल्या, चूप बे." मामा लाटण्याकडे पाहत राहिले. त्यांना असं फसवल्याची मला अजून थोडी लाज वाटते. सरळ विचारलं असतं तर सांगितलं नसतं, हेही खरं.

"मामा," मी म्हणालो, "त्या बाईचं काय चाललंय, सांगू?" आणि मी सांगितलं. नोकरीचं सांगितलं. झोपेत फिरणाऱ्या हाताचं सांगितलं. नाटक न करता.

गोदामामी चहाचे कप गोळा करत होती, ती थांबली. "त्या पोरीचं डोकं माह्या मांडीवर होतं," ती नवऱ्याला म्हणाली. "माह्या पातळाले अजून डाग हाय. सांगून टाका ना."

"अन् केस झाली मंग?"

"सांगा म्हनते ना मी."

मामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "बाईले बाहेर काढली. बाजेवर टाकली. अन् पेट्रोलचा असा वास सुटला साहेब, का डोळे चुरचुरले. बाजूले सुडी. एक ठिनगी पडली असती तं विमान गेलं, सुडी गेली, बाई बी गेली असती. मी आत वाकलो. माह्या जुन्या मोपेडचा कॉक पायाजोळच व्हता, म्हनून हात तिथंच गेला. सापडला. फिरवला, घट्ट होईलोक फिरवला. बंद केला."

"फिरवायच्या आधी टोक कुठं होतं?"

"इंजिनाकडे. मी मांगं आनलं."

या विमानात टोक इंजिनाकडे म्हणजे उजवी टाकी. डाव्या टाकीवरून उडताना इंजिन थांबलं, तिनं उजवी टाकी लावली. पुस्तकात जे करायला सांगितलंय नेमकं तेच तिनं केलं होतं. इंजिन खोकललंही होतं, फक्त त्याला पुन्हा धडधडायला जेवढे सेकंद लागतात तेवढं आभाळ तिच्या पायाखाली उरलं नव्हतं.

मी उठायला लागलो तर मामा म्हणाले, "अजून हाय. कॉक बंद केला तरी वास चालूच, म्हनून मी पंखावरचं टाकीचं झाकन उघडून पाह्यलं, का किती शिल्लक हाय. डाव्या बाजूचं उघडलं तं सूंऽ करून हवा आत गेली. उजव्या बाजूचं उघडलं, काहीच नाई."

"सूं करून?"

"हाव. मले तवाच समजलं काऊन बंद पडलं ते." ते उठले आणि गोठ्यातून फवारणीचा पेट्रोलवाला पंप घेऊन आले. झाकणाला सुईच्या टोकाएवढं भोक होतं, आणि पंपाच्या दांड्याला दोरीनं एक दाभण बांधलेलं. "हे भोक मातीनं बुजलं का पेट्रोल खाली उतरत नाई. पंप चालता चालता मरते. झाकन उघडलं का असीच हवा ओढते. म्हनून दाभन बांधून ठेवतो."

एकतीस वर्षांचा अनुभव आणि तीन परवाने घेऊन मी त्या गोठ्यासमोर उभा होतो. माझ्या पथकात शिकलेली पाच माणसं होती. आम्हाला कॉक बंद सापडला आणि आम्ही शोधायचं थांबलो. या माणसाला तीन आठवडे कारण माहीत होतं आणि त्याला कोणी विचारलं नव्हतं. विचारलं होतं ते एवढंच, हात कोणी लावला.

"मामा, हे मला लिहून पाहिजे. तुमच्या सहीनं."

"केस होईन काय?"

मी खोटं बोललो नाही. "पोलिसांचं मी सांगू शकत नाही. आमची चौकशी शिक्षा द्यायला नसते, आणि तुम्ही आग लागू नये म्हणून कॉक बंद केला, हे मी माझ्या सहीनं लिहीन. त्यापुढचं माझ्या हातात नाही." मग, का कोण जाणे, मी त्यांना माझ्या आरशाची गोष्ट सांगितली. वीस मिनिटांसकट.

ते ऐकून मामांनी विचारलं, "सापडला का मंग आरसा?"

"सापडला."

"इंजिनातच?"

"इंजिनातच."

त्यांनी टोपी डोक्यावर घातली. "लिहा."

विमान तोवर जवळच्या एका गोदामात आणून ठेवलं होतं. टाकीतलं पेट्रोल जाईल तितकी हवा आत यावी म्हणून पंखाखाली बोटभर नळी असते, फवारणीच्या पंपाच्या झाकणाला भोक असतं तशी. डाव्या पंखाखाली मी पाठीवर झोपून टॉर्च मारला. नळी मातीनं गच्च बुजलेली. कुंभारमाशीचं घर. ही माशी चिखलाचे बारीक गोळे आणून भोकांत घरटं करते, आमच्याकडे कुलपांच्या किल्लीच्या भोकातही करते.

मोठेसाहेबांनी फोनवर नेमका प्रश्न विचारला. "तीन आठवडे विमान गोदामात आहे. माशीनं घर तिथं केलं नसेल कशावरून?"

"साहेब, माती लाल आहे."

सुलतानपूरपासून गोदामापर्यंत सगळी काळी जमीन. लाल मुरूम होता तो उड्डाण शाळेच्या धावपट्टीवर, जिथं ते विमान दोन आठवडे उघड्यावर उभं होतं. माशी माती लांबून आणत नाही. आणि मामांनी ऐकलेली ती हवा पडल्या दिवशीची होती.

"मसुदा फाडा," मोठेसाहेब म्हणाले. मग म्हणाले, "नको, ठेवा. माझ्या सहीसकट ठेवा. नवीन पोरांना दाखवायला होईल." या माणसाबद्दलचा माझा आदर तेव्हापासूनचा आहे.

कॅप्टन रेवाला सांगायला मीच गेलो. ती घरी आली होती, काठी घेऊन चालत होती. मी थोडं सजवूनच सांगितलं. सूप, लाटणं, बकरी, सगळं. मला वाटलं ती रडेल किंवा हसेल. कॉक तिनं बरोबर फिरवला होता हे ऐकून तिनं डावा हात मांडीवर ठेवला आणि उजव्या हातानं धरला. तिची आई मात्र रडली.

मग रेवानं विचारलं, "कोणत्या टाकीची नळी?"

"डावी."

"फेरी मारताना ती नळी पाहायची असते," ती म्हणाली. "विमान पडल्याचं मला काही आठवत नाही. पण ती सकाळ आठवते. डाव्या पंखाखाली चिखल होता. पँट पांढरी होती. मी उजवीकडं वाकून पाहिलं आणि कार्डावर दोन्हीकडं खूण केली."

हे तिला कोणी विचारलेलं नव्हतं. मी आल्यापासून तिला सुटकेचीच बातमी देत होतो. शाळेच्या इंजिनिअरनंही त्या सकाळी तपासणीची सही केली होती आणि त्यानंही नळी पाहिली नव्हती, हे पुढं निघालंच. त्याला माझ्या धंद्यातला म्हणून वाचवावं असं मला वाटून गेलं, तेही इथं लिहून ठेवतो. मी वाचवला नाही. पण त्या क्षणी रेवानं गप्प राहायचं ठरवलं असतं तर तिची फेरी तपासणारा जगात कोणी नव्हता.

"हे लिहिलं तर परवाना काही दिवस थांबवतील," मी म्हणालो. लिहा म्हणालो नाही आणि लिहू नका असंही म्हणालो नाही.

"तुम्ही कागद आणलाय ना?" ती म्हणाली.

त्या फाईलमध्ये दोन जबाब पाठोपाठ लावलेले आहेत. एकात लिहिलंय, 'कॉक मी बंद केला.' दुसऱ्यात, 'नळी मी पाहिली नाही.' अपघात का झाला ते या दोन कागदांवरून कळलं, बाकीची फाईल फोटोंनी जाड झालेली आहे. मामांवर केस झाली नाही. ठाण्यात एकदा बोलावलं, चहा पाजून सोडलं. रेवाचा परवाना चार महिने थांबला, पुन्हा परीक्षा झाली. तेवढ्यात मोठ्या कंपनीतली जागा दुसऱ्याला गेली. ती परत त्याच शाळेत शिकवायला लागली. विमान उघड्यावर उभं राहिलं की नळीला लाल फीत लावलेलं टोपण घालायचं, हा नियम त्या शाळेत आला तो तिच्यामुळे. हॉटेलातले लोक मला विचारतात, मग न्याय झाला का? मी चहा बशीत ओततो.

पुढच्या उन्हाळ्यात तिनं मला फोन केला, की सुलतानपूरला जायचंय, पत्ता द्या. पत्ता कसला, मीच घेऊन गेलो. गोदामामीनं तिचं डोकं दोन्ही हातांनी धरून केसांतली खूण पाहिली आणि म्हणाली, "बरी झाली." शालिग्राममामा मात्र तिच्याकडे बघेनात. कॉकचं त्यांच्या मनातून गेलं नव्हतं. ती जेवली, मामीनं तिला भाकरी आग्रहानं वाढली, तरी मामा गोठ्यातच काहीतरी करत राहिले.

निघताना ते बाहेर आले. हातात दाभण होतं, दोरी ओवलेलं. ते त्यांनी तिच्यापुढं धरलं.

"आता पाह्यतं ना वाकून?"

"पाहते मामा."

"दोन्हीकडे?"

"दोन्हीकडे." तिनं दाभण घेतलं, रुमालात गुंडाळलं. मग जरा थांबून म्हणाली, "आणि तुम्ही?"

"मी काय?"

"परत कोणाच्या विमानाचा कॉक बंद केलात तर?"

मामांनी पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"सांगीन," ते म्हणाले. "त्याच दिवशी."